उजवा पाय

“तुटली असती तर सोपं होतं,” डॉक्टर म्हणाले आणि माझी टाच चिमटीतून सोडून हात धुवायला गेले.

मी दवाखान्याच्या टेबलावर पालथा पडलो होतो. शेजारी माझा चुलतभाऊ सर्जा उभा होता. त्यानंच मला सायकलवर डबलसीट तालुक्याला आणलं होतं, आणि माझ्या पायाची माझ्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी लागलेली दिसत होती.

“म्हंजे तुटल्याली न्हाई म्हणा की,” सर्जा म्हणाला.

“नाही ना. तुटली असती तर टाके घातले असते, प्लास्टर घातलं असतं, मोकळे झालो असतो. ही टाचेमागची शीर आतल्या आत झिजली आहे. झिजलेल्या शिरेला टाके कुठं घालू?”

मला ते पटलं. आमच्या घरात सगळे शेतकरी, मी एकटाच कात्री धरून शिलाई मशीनवर बसलेला. फाटलेलं कापड शिवता येतं. विरलेल्या कापडाला टाका घातला तर टाका राहतो आणि कापड जातं.

“मग इलाज काय?” मी विचारलं.

“विश्रांती घे. जड उचलायचं नाही, चढायचं नाही. या शिरेवर भार टाकत राहिलास तर एक दिवस ताडकन तुटेल.”

“आणि तुटली की तुम्ही शिवणार.”

“शिवू की. पण मग जन्मभर ओझं घ्यायचं नाही.”

सर्जाचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र परतीच्या वाटेवर कॅरिअरवर बसून डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य गुळाच्या खड्यासारखं जिभेवर घोळवत आलो. जन्मभर ओझं घ्यायचं नाही. असं का, हे सांगायचं तर आधी काठीबद्दल सांगायला हवं.

आमच्या माळेवाडीच्या भैरोबाची काठी म्हणजे तीस हात उंचीचा कळक, जाडजूड बांबू. त्याला खालपासून वरपर्यंत तांबडं-पांढरं कापड गुंडाळलेलं, शेंड्याला मोरपिसांचा तुरा. चैत्रात जत्रेच्या दिवशी एका माणसानं ती कमरेच्या पट्ट्यात रोवून, खांद्याला टेकवून, हलगीच्या तालावर नाचवत डोंगरावरच्या देवळापर्यंत न्यायची. चार बाजूंनी चार गडी दोर धरून चालतात, पण ते तोल सांभाळायला. वजन एकट्याचं. डोंगराच्या पायऱ्या दगडात खोदलेल्या, जेमतेम चवड्यापुरत्या. चवडा पायरीवर आणि टाच बाहेर अधांतरी. त्या टाचेवर माणूस, माणसावर कळक आणि कळकावर गावाची इज्जत.

हा मान आमच्या घराचा. थोरल्याचा थोरला काठी घेतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जवानीभर ती नाचवली. एकदा तर अंगात ताप असताना. मग एका जत्रेत उतरताना त्यांचा गुडघा वळला आणि पुढच्या वर्षी पट्टा माझ्या कमरेला आला. मला कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नाही, आणि नको म्हणायची तर त्याहून नाही. ‘काठी तोंडानं सोडत न्हाईत, अंगानं सुटली तर सुटली,’ असं आबा म्हणायचे. आबांचे वडीलही तेच म्हणायचे. जत्रेच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, भैरोबाच्या पादुकांसमोर गुरव काठीवाल्याला एकच प्रश्न विचारतो, “अंग हाय?” त्यानं म्हणायचं, “हाय.” हातपाय मोडला असेल तरच ‘न्हाई’ म्हणता येतं, आणि मग मान पुढच्या भावाकडं जातो.

माझ्यानंतर सर्जा. दोन काखांत दोन भाताची पोती घेऊन चालणारा. लहानपणी वेळूच्या काठीला आईचं फाटकं लुगडं गुंडाळून घरामागच्या परड्यात एकटाच नाचणारा. त्याला काठी मिळावी आणि मला माझं मशीन, हे भैरोबाला सुचायला हरकत नव्हती. पण माझे वडील त्याच्या वडिलांच्या आधी जन्मले, तिथंच सगळं फिसकटलं.

आदल्या जत्रेत डोंगराच्या तिसऱ्या वळणावर माझी उजवी टाच खाली गेली ती वर येईना. शिरेत कुणी सुरी फिरवावी तसं झालं. काठी कलली. काठीवाल्यानं वर बघायचं नसतं, पण मी बघितलं. तुरा आभाळावरून सरकत सरकत उजव्या अंगाला निघाला होता आणि तिथं बायका-पोरं उभी होती. एका बाईच्या कडेवर तांबडं टोपडं घातलेलं मूल होतं. ते तुऱ्याकडं बघून हसत होतं. मागचा दोर सर्जाच्या हातात होता. तो दगडाला पाय देऊन मागं झोपला, दोराबरोबर तळहाताचं कातडं गेलं, आणि काठी सरळ झाली. “चांगभलं!” म्हणून लोक ओरडले. त्यांना वाटलं, यंदा काठी झकास नाचली.

त्या दिवसापासून मला काठीची भीती बसली. डोळा लागला की ते तांबडं टोपडं दिसायचं. माझ्या बायकोला, शालनला, मी तेवढं सांगितलं होतं. आबांना सांगायची छाती नव्हती. 

पायाचं म्हणाल तर आईनं आंबेहळदीचे लेप घातले आणि मला सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, बसवून ठेवलं. मशीनला पाय लावू दिला नाही. शालन पायडल मारायची आणि मी कापड सरकवायचो. त्या पावसाळ्यात गावात ज्यांनी सदरे शिवून घेतले त्यांच्या बाह्या अजून एकीला एक लागत नाहीत. टाच शांत झाली. मग भातकापणीला दोन दिवस उभा राहिलो तर पहिल्यापेक्षा दुप्पट ठणकली. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकायला भिंत धरावी लागे. शिरेवर सुपारीएवढी गाठ आली, आणि म्हणून दवाखाना.

आता डॉक्टरांनीच वाट दाखवली होती. शीर तुटली की ‘अंग न्हाई’. अंग न्हाई की काठी सर्जाकडं. त्याचंही भलं, माझंही, आणि त्या टोपड्यावाल्या पोराचंही. प्रश्न एवढाच की ती तुटावी कशी?

संक्रांत झाली आणि मी कामाला लागलो. ताडपत्रीच्या तुकड्याची दोन पट्ट्यांची पाठपिशवी शिवली. कणगीतला भात काढून तिच्यात घातला, दोन-अडीच वर्षांचं पोर पाठुंगळी घ्यावं एवढ्या वजनाचा. पहाटे आबा गोठ्यात गेले की सोप्याच्या दगडी पायरीच्या कडेवर उभा राहायचो, चवड्यांवर, टाचा बाहेर. डोंगरावर दुखलं तेव्हा उभा होतो अगदी तसा. डाव्या पायाच्या जोरावर वर उचलायचं, मग सगळा भार एकट्या उजव्यावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची, पार खालपर्यंत. जिथं शीर ओरडेल तिथं थांबायचं नाही, आणखी दाबायचं. मग पुन्हा वर. घाम फुटेपर्यंत हेच, आणि मनात भैरोबाचा धावा, आता तरी तुटू दे बाबा.

शालननं पहिल्याच दिवशी धरलं.

“ह्ये काय चाललंय?”

“तालीम.”

“कसली?”

“काठीची.”

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “डागदरनं जड उचलू नको सांगितलंय न्हवं?”

“डागदरला भैरोबा म्हाईत न्हाई.”

आमच्याकडं देवाचं नाव घेतलं की वाद मिटतो. ती पाण्याला निघून गेली.

गोठ्यातून सोपा दिसत नाही असा माझा समज होता. तो दुसऱ्याच पहाटे खोटा ठरला. मी टाच खाली दाबून दातओठ खात होतो आणि मान वळवली तर आबा शेणाची पाटी घेऊन कोपऱ्याशी उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्या पायाकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आणि पाटी घेऊन उकिरड्याकडं निघून गेले. तसे ते बोलण्यातले नव्हतेच. संध्याकाळी पारावर मात्र कुणीतरी माझ्या दुखण्याची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले म्हणे, “म्हिपा तालीम करतोय.”

झालं. गावभर झालं. महिपती शिंपीकाम सोडून काठीची तालीम करतोय, पाठीला भात बांधून करतोय, दुखऱ्या पायानं करतोय. माणसं वाटेत थांबवून पाठीवर थाप मारायला लागली. “केरबाचा ल्योक शोभतोस गड्या!” मी मान खाली घालायचो आणि त्याला लोक विनय समजायचे.

सर्जा एकदा माझ्या मशीनपाशी येऊन बसला. बराच वेळ तळहातावरचा दोराचा वण खाजवत होता.

“म्हिपादा, यंदाबी तूच घेणार तर.”

“बघू.”

“बघू काय? घे की. तुजा मान हाय. मी हाय मागच्या दोराला.”

त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. थोडा दम धर, माझी शीर तुटायच्या बेतात आहे, असं त्याला सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी मशीन जोरात चालवलं.

इकडं पिशवी दिवसेंदिवस जड लागायला लागली. मला वाटलं, थंडीनं भात सर्दावला असेल, नाहीतर माझंच अंग उतरलं असेल. एकदा तर तळाची शिवण उसवली. माझी शिवण उसवत नाही, हे मी गर्वानं नाही, धंद्यानं सांगतो. दुहेरी टीप मारून पुन्हा शिवली आणि दोऱ्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या पहाटे पुन्हा पायरीवर.

होळी झाल्यावर बटणं आणायला तालुक्याला निघालो होतो. फाट्यावर पोचेपर्यंत एसटी हलली. “ओ मास्तर, थांबा, थांबा!” करत धावलो, दांडा पकडला, वर चढलो, जागा मिळवली, तिकीट काढलं. ओढा मागं पडल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण आत्ता पळालो. तिथल्या तिथं वाकून टाच चाचपली. सुपारीची गाठ हरभऱ्यावर आली होती. सकाळी भिंत धरायची कधी बंद झाली तेही आठवेना. बरं झालं म्हणून एवढं वाईट वाटलेला माणूस माझ्याखेरीज दुसरा मी पाहिलेला नाही. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडं बघून विचारलं, “कोण गेलं रं लेकरा तुजं?”

पुढं कितीतरी वर्षांनी शालनच्या गुडघ्यासाठी कोल्हापूरला व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं जात होतो. बोलता बोलता मी ही पायरीची हकिगत काढली. बाई खुर्ची पुढं ओढून ऐकायला लागल्या. म्हणाल्या, शीर नुसती बसवून ठेवली तर आणखी दुबळी होते. तिला भार लागतो. पण एकदम नाही, सावकाश, थोडा थोडा चढता. टाच हळू खाली सोडायचा हाच व्यायाम त्या आता लोकांना देत होत्या, आणि थोडंफार दुखलं तरी करा म्हणून सांगत होत्या.

“पण वजन रोज जरा जरा वाढवायचं, हे तुम्हाला त्या काळात कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“वजन मी नाही वाढवलं,” मी म्हणालो. त्यांना वाटलं, काका चेष्टा करतायत.

त्या वर्षी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की जत्रा तोंडावर आली आहे आणि पाय पहिल्यापेक्षा घट्ट झाला आहे. ‘अंग हाय?’ विचारल्यावर लंगडून दाखवायचं आणि ‘न्हाई’ म्हणायचं, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण आबा समोर असणार होते. बाजारात बैल विकताना आबा चार गोष्टी इकडच्या तिकडं करत, कोण करत नाही? भैरोबाच्या आवारात मात्र त्यांच्या तोंडून वावगं अक्षर निघत नसे. तिथं कुणी नुसतं ‘जेवलास का’ विचारलं आणि ते जेवले नसले तर सरळ ‘न्हाई’ म्हणत, मग त्या माणसाला त्यांना घरी नेऊन वाढावं लागे. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत देवाशी खोटं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. काठी घ्यायचीही नव्हती. मधल्या मधे मी वाळत चाललो होतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी काठी आमच्या परड्यात आडवी पडली होती. तेल लावून झालं होतं. मी कापडाचे वेढे देत, टाके घालत शेंड्याकडं सरकत होतो आणि आबा पुढं कापड ताणून धरत होते. सर्जा आणि बाकीची मंडळी मांडव घालायला डोंगरावर गेली होती. परड्यात आम्ही दोघं आणि दावणीला बैल.

“पाय कसा हाय?” आबांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

“बरा हाय.”

“सुजतोय?”

“न्हाई.”

“मग थोबाड असं का सुतक आल्यागत?”

मी टाका घातला. सुई कापडातून निघाली ती बोटात शिरली. त्या टोचणीनं की कशानं, मी बोलून गेलो.

“आबा, मी तालीम करत न्हवतो.”

“ठावं हाय.”

“पाय तोडाय बगत हुतो.”

“त्येबी ठावं हाय.”

मी सुई खाली ठेवली. आबा कापडावरची सुरकुती अंगठ्यानं सपाट करत होते.

“तुमाला कसं कळलं?”

“तालीम करणारा गडी दुखलं की थांबतो. तू दुखलं की जोर करत हुतास. मी बगितलं न्हवं दुसऱ्याच दिशी.”

“मग गावाला तालीम म्हणून का सांगितलं?”

“मग काय सांगू? केरबाचा थोरला सोप्यात उभा राहून सोताची धोंडशीर तोडतोय म्हणून?”

धोंडशीर म्हणजे तीच, टाचेमागची. हा शब्द मी त्यांच्या तोंडून बैलाच्या बाबतीत ऐकला होता. बैलाची धोंडशीर गेली की बैल संपला.

“शिवण उसवली तवा मला वाटलं, आता कळंल ह्याला,” आबा पुढं म्हणाले. “तर दोऱ्याला शिव्या द्येत बसलास.”

मला उमगेना.

“रोज वंजळभर भात घालत हुतो मी तुज्या पिशवीत. तू मशीनवर बसलास की.”

कणगी आणि पिशवी शेजारी शेजारी असायची. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. बापानं लेकाचा पाय तोडायला हातभार लावावा?

“तुमी, आबा?”

“तुटायचाच असंल तर घरच्या पायरीवर तुटू दे म्हटलं,” ते म्हणाले. “हितं बैलं हुती, गाडी हुती. रोज पाटं चारा घालताना जू जवळ काढून ठेवत हुतो. तू वरडलास की जुपायची आन दवाखाना गाठायचा. काठीखाली तुटला असता म्हंजे...” 

त्यांनी कापड पुन्हा ताणून धरलं. म्हणाले, “गेल्या साली त्ये तांबड्या टोपड्याचं प्वार माज्या म्होरंच हुतं.”

म्हणजे काठी कलली ते, शालन सोडली तर, गावात तिघांना ठाऊक होतं. मला, सर्जाला आणि त्यांना. मी वर्षभर ज्यांच्यापासून लपवत होतो ते वर्षभर गप्प बसले होते.

“न्हाई तुटला,” आबा म्हणाले. “मी वंजळी घालत ग्येलो आन त्यो घट होत ग्येला. आता अंगाचं नाव सांगू नगंस. काय ते तोंडानं बोल.”

“मला भ्या वाटतंय, आबा.”

दोन लेकरांचा बाप होतो मी. एवढे चार शब्द बोललो आणि काठीच्या कापडात तोंड घालून रडलो. आबांनी पाठीवर हातबीत ठेवला नाही. ते कापड धरून होते, ते त्यांनी सैल पडू दिलं नाही.

“ह्येच आदी बोलला असतास तर पायरी झिजली नसती,” ते म्हणाले.

“काठी तोंडानं सोडत न्हाईत. तुमीच म्हणता की.”

“मीच म्हणतो.” त्यांनी पुढचा वेढा माझ्या हातात दिला. “शीव. तुरा ऱ्हायलाय अजून.”

सकाळी पायथ्याशी गाव लोटलं होतं. पादुकांवर गुलालाचा थर, हलगी कडाडत होती. माझ्या कमरेला पट्टा बांधलेला. आबांनी रात्रीत काही सांगितलं नव्हतं आणि मी काही ठरवलं नव्हतं. बहुधा ‘हाय’ म्हणालो असतो. दुसरं काय म्हणणार होतो? सर्जा मागचा दोर मनगटाला गुंडाळून तयार होता. गुरवानं हात वर केला, हलगी थांबली.

“अंग हाय?”

मी तोंड उघडलं आणि मागून आबांचा आवाज आला.

“न्हाई.”

ते गर्दीतून वाट काढत पुढं आले. डोक्याचा पटका काढून त्यांनी हातात घेतला होता. माणसांकडं पाठ केली आणि पादुकांकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोराचं अंग न्हाई. तालीम करता करता काल धोंडशीर तुटली. उजव्या पायाची.”

भैरोबाच्या आवारात केरबा बोलला म्हटल्यावर माझा पाय तपासायचं कुणाच्याही मनात आलं नाही. बायका चुकचुकल्या. “देवासाठी पाय घालवला गं पोरानं,” असं एक म्हातारी म्हणाली. आबांनी माझ्या कमरेचा पट्टा सोडला. गाठ सुटता सुटेना. मग तो त्यांनी सर्जाच्या कमरेला आवळला.

“दादा, तुजा पाय...” सर्जाचे डोळे भरले होते.

“घे,” मी म्हणालो.

त्यानं कळक उचलला आणि पट्ट्यात रोवला. माझ्या वेळी काठी उभी करताना चौघं हात लावायचे. सर्जाच्या हातात ती आपण होऊन उठल्यासारखी उठली. हलगी सुरू झाली आणि सगळं गाव पायऱ्यांकडं वळलं.

मी निघालो. धोंडशीर तुटलेला माणूस जसा चालेल तसा चालायचा प्रयत्न करत होतो. हलगीच्या ठेक्यात लंगडणं अवघड असतं, करून बघा. दहा-वीस पावलांवर आबा आपली चालायची काठी टेकत जवळ आले आणि तोंड न हलवता पुटपुटले.

“उजवा.”

“आँ?”

“आरं, उजवा पाय. डावा काय वडतोस?”

मी पाय बदलला. मला हसू आवरेना, म्हणून पटक्याच्या शेमल्यात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, रडतोय. पहिल्या पायरीशी मी मागं वळलो. आबा थांबले होते. त्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या आणि वर देवळाकडं बघून हात जोडले होते.

“चला की, आबा.”

“गुडघा दुखतोय,” ते म्हणाले. “तू जा.”

मी वर जाऊन आलो. तिसऱ्या वळणावर सर्जाची टाच खाली गेली, वर आली, आणि तुरा आभाळात होता तिथंच राहिला. चार दिवसांनी आबांनी मला गाडीत घालून तालुक्याला नेलं. आम्ही दोघांनी स्टँडवर भजी खाल्ली, माझ्या पायाला त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी गुंडाळली आणि मला परत आणलं.

त्यानंतर आबा बरीच वर्षं जगले. दर जत्रेला पायथ्याशी यायचे, पहिल्या पायरीपाशी चपला काढायचे, तिथूनच हात जोडायचे आणि मागं फिरायचे. देवळात पुन्हा कधी गेले नाहीत. कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगायचे. गुडघा त्याआधीही दुखतच होता, आणि त्याआधी ते दर वर्षी वर जात होते. हे माझ्या ध्यानात आलं होतं. त्यावर मी त्यांच्याशी कधी बोललो नाही, आणि ते असेपर्यंत जत्रेत लंगडायचं चुकवलं नाही.

ते गेले त्या वर्षीच्या चैत्रात मी पहिल्या पायरीशी थांबलो. सर्जाचा मुलगा काठी घेऊन वर निघाला होता. हलगी पुढं गेली होती. माझ्या पायाची गोष्ट आठवणारी माणसं फारशी उरली नव्हती, माझ्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. पाय ठणठणीत होता, अजून आहे. मी चपला काढल्या, हात जोडले आणि उजवा पाय ओढत वर चढायला लागलो.